रजिस्टरातले दहा महिने

आमच्या आश्रमशाळेतली निम्म्याहून जास्त मुलं एक जूनला जन्मलेली होती. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसण्यासारखं आहेच. डोंगरातल्या पाड्यांवर जन्म घरीच व्हायचे, तारीख कुणी लिहून ठेवत नसे, आणि शाळा उघडायची जूनमध्ये. मूल दारात आलं की आम्ही त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचो. बोटं कानाला लागली की मूल सहा वर्षांचं. सहा वर्षं मागे मोजायची, एक जून टाकायची, की पुढचं मूल. अशी किती मुलं मी कागदावर जन्माला घातली ते देवाला माहीत. माझी स्वतःची दोन तेवढी शहाद्याच्या दवाखान्यात झाली, आणि त्यांच्या तारखा मला तासामिनिटासकट पाठ आहेत.

मी तापीकाठची. घरी केळी, कापूस, चार म्हशी, आणि बोलणं सगळं अहिराणीत. नोकरी लागली ती थेट खापरच्या पुढे, डोंगराच्या पोटात. पहिले सहा महिने मी रोज रडले आणि पुढची बावीस वर्षं तिथून बदली मागितली नाही. माझ्या नाकावर राग असायचा. मुलं मला घाबरायची, नवे शिक्षक तर त्याहून जास्त. पण दोन गोष्टींत मला कुणी नाव ठेवू शकत नसे. एक म्हणजे अक्षर, आणि दुसरं शाळेचं जनरल रजिस्टर. मूल दाखल झालं की त्याचं नाव, आईबापाचं नाव, जन्मतारीख त्यात चढते आणि पुढे दाखला म्हणा, आधार म्हणा, सगळं त्याच एका ओळीवरून निघतं. मुख्याध्यापक येत-जात राहिले, रजिस्टर मात्र माझ्याकडेच. तपासणीला येणारे साहेब ते इतर शाळांना दाखवायला सांगायचे, कारण त्यात एकही खाडाखोड नव्हती. याचा मला फार गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

ती आली तेव्हा जुलै लागला होता. तिची आई दोन मुलींना घेऊन पाड्यावरून चालत आली होती. मोठी दुसरीत जाणार होती. धाकटीला पहिलीत घ्या, असं आईचं म्हणणं. तिला मराठी येत नव्हतं आणि मला तिची बोली अर्धीच कळायची, म्हणून आमच्या स्वयंपाकीणबाईंना हाक मारली. दिवाळी झाली की ही माणसं टोळीबरोबर गुजरातेत ऊस तोडायला जाणार. मोठी शाळेत राहील, धाकटीला बरोबर न्यावं लागेल. तिथे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, रात्रंदिवस बैलगाड्या आणि ट्रक. आदल्या वर्षी टोळीतलं एक लेकरू गाडीखाली आलं होतं, हे त्या बाईने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

मी धाकटीला कान धरायला सांगितलं. तिचा हात डोक्यावरून गेला आणि कानाच्या दोन बोटं वरच थांबला. तिने मान वाकडी केली, खांदा उचलला, जीभ बाहेर काढली, तरी कान काही लागेना. सगळे हसले. मग मी आईला विचारलं, ही झाली कधी? तिने एका दमात सांगितलं. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते आणि तुमच्या शाळेवर पत्रे चढवत होते. मला कळा येत होत्या आणि खालून दिवसभर पत्र्यावरचे हातोडे ऐकू येत होते. शेवटचा पत्रा लागला, आवाज थांबला आणि ही झाली.

तो दिवस मला चांगला आठवत होता. जुनी कौलं काढून शाळेला पत्रे लागले म्हणून आम्ही मुलांना शिरा केला होता. त्याला पाच वर्षं आणि वर तीन-साडेतीन महिने झाले होते. म्हणजे मुलगी पाचची, आणि सहा पूर्ण असल्याशिवाय वसतिगृहात घेता येत नाही. आई माझ्याकडे बघत होती. मी पेन उघडलं आणि नेहमीची एक जून टाकली, वर्ष खऱ्याच्या एक मागचं. तिला दहा महिन्यांनी मोठी केली. मला वाटलं, झालं एक पुण्याचं काम. अजूनही वाटतं की त्या दिवशी मी चुकले नाही.

फुटबॉल आमच्याकडे कुणी शिकवला नाही. सरकारी क्रीडा साहित्याच्या पेटीत लेझीम, दोऱ्या आणि एक चेंडू आला होता. मैदान म्हणजे शाळेमागचा उतार, खाली नाला. चेंडू पायातून सुटला की थेट नाल्यात, आणि ज्याच्या पायातून सुटला त्यानेच तो काढून आणायचा, हा मुलांचा नियम. हिला नाल्यात उतरायचा कंटाळा. म्हणून तिने चेंडू सोडायचाच नाही असं ठरवलं. चौथी-पाचवीपर्यंत ती मोठ्या मुलांमधून अनवाणी अशी जायची की चेंडूला गूळ लागलाय असं वाटावं. मी दोनदा तो चेंडू जप्त करून कपाटात टाकला. मुलींनी पोरांत असं लोळू नये, असं तेव्हा माझं मत होतं. दोन्ही वेळा ती काही न बोलता कपाटासमोर येऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी माझाच धीर सुटायचा.

सातवीत असताना तिला नंदुरबारला जिल्ह्याच्या स्पर्धेला नेलं. सोबत बाई शिक्षिका लागते म्हणून मी गेले, नाहीतर मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिथलं मैदान सपाट होतं. उतारावर चेंडू सांभाळायची सवय लागलेल्या पोरीला सपाट जमीन म्हणजे चैनच. तिने डाव्या बाजूने पळून पळून समोरच्या मुलींना रडवलं. मी कठड्याला धरून ओरडत होते, आणि शेजारच्या शाळेच्या बाई मला म्हणाल्या, अहो, जरा हळू, छातीत कळ येईल तुमच्या!

पुढच्या वर्षी, ती आठवीत असताना, विभागाच्या स्पर्धेत एका मोठ्या शहरातल्या क्लबच्या प्रशिक्षक बाई आल्या होत्या. केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या क्लबची मुलींची निवासी अकादमी होती. राहणं, जेवण, शाळा, खेळ सगळं तिथेच, आणि तिथून मुली पुढे पगारी खेळाडू व्हायच्या. त्यांनी हिला पाच दिवस तिकडे नेऊन खेळवलं. परत आली तेव्हा तिच्या पायात आयुष्यातले पहिले खिळ्यांचे बूट होते, कुणा मोठ्या मुलीचे जुने. वर्गातही ती ते घालूनच आली. मी रागावले, तर म्हणाली, ‘मॅडम, अजून सवय व्हायची आहे.’

दोन दिवसांनी प्रशिक्षक बाईंचा मला फोन आला. मुलगी निवडली होती. पण जूनमध्ये ज्या मुली चौदाच्या आत असतील त्यांनाच अकादमीत घेतात आणि दाखल्याप्रमाणे हिला नेमक्या एक जूनलाच चौदा पूर्ण होत होती. त्यांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला होता, वय चोरणाऱ्या मुली पकडायला काढतात तसा. डॉक्टर म्हणाले, हाडं दाखल्यापेक्षा लहान दिसतात. ‘आमच्याकडे नेहमी उलटं असतं,’ बाई म्हणाल्या. ‘मोठ्या मुली लहान होऊन येतात. तुमच्याकडे लहान मुलीला मोठं कुणी केलं?’ त्या म्हणाल्या, शाळेत असेपर्यंत तारीख दुरुस्त होते, पुरावा शोधा, पंधरा दिवस मी जागा धरून ठेवते.

पुरावा शोधायला मला अर्धा तास लागला. शाळेच्या जुन्या नोंदवहीत तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी दिवस, तारीख घालून लिहिलं होतं की आज नवीन पत्रे बसवून काम पूर्ण झाले, विद्यार्थ्यांना गोड जेवण दिले. त्याला आईचा जबाब जोडला असता, एक्स-रे जोडला असता, तर वरच्या कार्यालयाला नाही म्हणायला जागा नव्हती. फक्त आणखी एक कागद लागला असता. नोंद करणारीने लिहून द्यायचं, की आईने खरा काळ सांगितला असताना मी जाणूनबुजून दुसरी तारीख लिहिली.

मी ती वही हातात घेऊन कपाटाजवळ उभी होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. असा कागद दिला की कारणे दाखवा नोटीस येणार. मग चौकशीला आलेला माणूस रजिस्टर उघडून बाकीच्या एक जूनांवर बोट ठेवणार. एक टाका ओढला की सगळी गोधडी उसवायची. हे खरं होतं. पण सगळं खरं सांगायचं तर मला नोटिशीपेक्षा जास्त टोचत होतं ते दुसरंच. माझ्या रजिस्टरात तांबड्या शाईने ओळ खोडली जाणार होती, आणि शेजारी माझी सही येणार होती. एका मुलीचं आयुष्य आणि एक तांबडी रेघ, यांत मी किती वेळ घालवला ते आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

शनिवारी शहाद्याला घरी गेले तेव्हा नवऱ्याला सांगितलं. ते बँकेत होते, नियमाचे पक्के. पण त्या दिवशी नियम बाजूला ठेवून बोलले.

‘दोन वरीस राह्यनात तुन्हा. आते कसाले जुनं उकरी ऱ्हायनी? पेन्शनले लाथ मारशी का?’

‘पोरनं नशीब शे त्यामा,’ मी म्हटलं.

‘नशीब व्हई तं ती कोठेबी खेळी. तू गप बस.’

गप बसा असं सांगणारं कुणीतरी मला हवंच होतं. नाहीतर आयुष्यात मी त्यांचं आणखी कशात ऐकलं होतं? चहात साखर किती घालायची तेसुद्धा मी माझ्याच मनाने ठरवायची.

सोमवारी आई आली. उसाच्या टोळीवरून ती नुकतीच परतली होती, तळहात काळे पडलेले, एका बोटाला चिंधी. तोवर तिला कामापुरतं मराठी यायला लागलं होतं. मुलगी तिच्या मागे, पायात ते बूट. आई म्हणाली, ‘मॅडम, पत्रे लावले तेव्हाची आहे ही. मी सांगितलं होतं तुम्हाला.’

मी म्हटलं, ‘हो, सांगितलं होतंत. पण रजिस्टरात एकदा चढलं की बदलता येत नाही.’

एवढंच. आवाज चढवला नाही, रागावले नाही, आणि त्या दोघींना तेच नवल वाटलं असेल. आईने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मान हलवली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी बाहेर गेल्या. त्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी मी तिला मैदानावर शोधत होते. ती मुलींच्या खोलीत झोपून होती असं स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. पोट दुखतंय म्हणे. पंधरा दिवस संपले तेव्हा मी प्रशिक्षक बाईंना फोन करून सांगितलं की पुरावा मिळत नाही. त्या ठीक आहे म्हणाल्या. त्यांच्या मागे मैदानावरचा मुलींचा गलका ऐकू येत होता.

त्यानंतर ती खेळली नाही असं नाही. नवरा म्हणाला होता तसं ती खेळलीच, पण कशी! दर वेळी तिच्याहून वर्षभर मोठ्या मुलींत, कारण कागदावर ती त्यांच्या वयाची. अंगाने बारीक, त्यात आमच्या वसतिगृहाची डाळ-भाजी. त्या तिला खांद्याने ढकलायच्या आणि ही उठून पुन्हा पळायची. अकरावीत असताना गुडघा दुखावला. त्याला नीट दाखवायलाच चार महिने गेले, कारण आई-बाप टोळीवर आणि मी निवृत्त होऊन शहाद्यात. अकादमीत असती तर तिसऱ्या दिवशी दाखवला असता. असली गणितं मी आता फार करते.

बारावीनंतर ती एकटीच विसरवाडीहून बस पकडून गुजरातेत एका क्लबच्या खुल्या चाचणीला गेली. तीनशे-चारशे मुलींतून तिला दुसऱ्या संघात घेतलं. मला फोन आला, ‘मॅडम, पगार मिळणार, पण खेळायला मिळेल का माहीत नाही.’ पहिला हंगाम तिने जवळजवळ बाकावर काढला. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायची, मोठ्या खेळाडूंचे बूट उन्हात ठेवायची, आणि सराव मात्र सगळ्यांच्या आधी येऊन. दुसऱ्या हंगामात पहिल्या संघातली डावीकडची मुलगी आजारी पडली, तेव्हा हिला शेवटची थोडी मिनिटं उतरवलं. तो सामना मोबाइलवर दिसत होता. मी तेव्हा माहेरी होते, केळीच्या मळ्यात जाऊन पाहिला, कारण घरात रेंज नव्हती. पाठीवर तिचं आडनाव. ते आडनाव मीच तिच्या वडिलांना विचारून रजिस्टरात लिहिलं होतं. तिने एकदा चेंडू घेऊन दोघींना चुकवलं आणि आत दिला. गोल झाला नाही. मी मळ्यातल्या मजुरांना बोलावून तेवढंच पाच वेळा दाखवलं, तर एक जण म्हणाला, ‘ताई, गोल कोठे शे?’ मी त्याच्यावर ओरडले.

त्या वर्षी ती नियमित खेळायला लागली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. क्लबने करार वाढवला. मी मनाशी म्हणायला लागले की बघ, झालंच ना चांगलं, तू उगाच जीव जाळत होतीस. माणसाचं मन किती लबाड असतं!

मग परवा दुपारी तिचा फोन आला. देशाच्या तरुण मुलींच्या संघाचं शिबिर होतं, वीसच्या आतल्या मुलींचं. क्लबने तिचं नाव पाठवलं होतं. निवड करणाऱ्यांना ती पसंत होती. आणि यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं, कारण एका ठरावीक वर्षी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच चालत होत्या. तिच्या खऱ्या वर्षी जन्मलेल्या चालत होत्या. मी लिहिलेल्या वर्षी जन्मलेल्या नाही.

तिने हे सगळं शांतपणे सांगितलं. शाळेतही ती अशीच बोलायची. मी आधी म्हटलं, अगं, आता काही करता येईल का, मी येते, लिहून देते, कुठे सही करायची सांग. ती म्हणाली, ‘आता नाही होत, मॅडम. क्लबच्या वकिलाला विचारलं.’

मग मी सांगितलं. सहा वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. म्हटलं, तेव्हा होत होतं. नोंदवहीत पत्र्यांची तारीख होती, ती मी पाहिली होती, माझ्या हातात होती ती वही. मला भीती वाटली, आणि मी तुझ्या आईशी खोटं बोलले. मला माफ कर असं म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. इतकी वर्षं पोरांना माफी मागायला लावली, स्वतःला कधी मागता आली नाही.

ती म्हणाली, ‘माहीत होतं, मॅडम.’

‘काय माहीत होतं?’

‘तारीख बदलता येते म्हणून. आईने त्याच आठवड्यात खापरच्या बाजारात दुसऱ्या शाळेच्या हेडसरांना विचारलं होतं. ते म्हणाले, होतं, पण ज्या मॅडमनी लिहिलं त्यांना चूक कबूल करावी लागेल, त्यांच्या नोकरीवर येईल. ते म्हणाले, तुम्ही वर अर्ज करा, मी लिहून देतो. आई नको म्हणाली.’

‘का?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘म्हणाली, आम्ही ऊस तोडत होतो तेव्हा तुमच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या? त्या बाईच्या अन्नात आपण माती कालवायची नाही.’

त्या बाईने सोमवारी माझ्यासमोर उभं राहून माझं खोटं ऐकलं होतं. आणि आठवड्याभरात ते खोटं आहे हे कळूनही ती ते घेऊन डोंगर चढून घरी गेली होती. मी तांबडी रेघ वाचवली म्हणून मला वाटत होतं. मला तिने वाचवलं होतं, पोटच्या मुलीच्या वाट्याचं देऊन. त्यानंतर किती वेळा ती मला बाजारात भेटली, हसली, पोरांची खुशाली सांगितली!

‘तुझी आई फार मोठ्या मनाची आहे गं,’ मी म्हटलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘आईने सोडून दिलं, मॅडम. मी चार दिवस जेवले नव्हते. मी नाही सोडलं.’

मग तिने विचारलं, तुमचे गुडघे कसे आहेत, घरचे साहेब बरे आहेत ना. मी बरे आहेत म्हटलं. चारला सराव असतो, बूट घालायचे आहेत, म्हणून तिने फोन ठेवला.